भीमाला उचलू नका

भीमाचं नाव त्याच्या बापानं नदीवरून ठेवलं होतं. गाव करमाळ्याकडचं, भीमेच्या काठचं. तो जन्मला त्या साली नदी दुथडी भरून वाहत होती, म्हणून पोरगं भीमा. पण नाव ऐकणाऱ्याला नदी कधी आठवायची नाही, आठवायचा तो गदावाला भीम. मग तो माणूस मान वाकवून खाली बघायचा, भीमाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचा आणि खो खो हसायचा. कारण भीमा मिशी फुटलेला, लग्न झालेला गडी असला, तरी उंचीनं चारचौघांच्या कमरेच्या जरासा वर. अंग काटक, मान ताठ, डोळे मोठे आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर.

तो राग फुकाचा नव्हता. कळायला लागल्यापासून लोक त्याला उचलतच आले होते. कमळाभवानीच्या जत्रेत चुलत्यानं त्याला खांद्यावर उभा करून सगळ्या जत्रेला दाखवला होता. करमाळ्याच्या बाजारात अडत्यांनी जवारीच्या पोत्याऐवजी त्यालाच काट्यात बसवला होता. लग्नात तर कहर झाला. नवरीच्या मामानं नवरी आणायची सोडून नवरदेवालाच बखोटीला मारलं आणि नेऊन पाटावर उभं केलं. मांडव हसून हसून लोळला. अंतरपाटामागं एकटी नवरी तेवढी हसली नाही. भीमानं ते बघून ठेवलं. मथुराबाईशी त्याचा संसार जमला तो त्या दिवशी.

दुष्काळात गाव सुटलं आणि दोघं सोलापूरला आली. भवानी पेठेत एक खोली घेतली. मथुराबाई गिरणीत कांड्या भरायच्या खात्यात लागली. भीमाला सरपटत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खाली शिरून गुंतलेलं सूत कापायचं, कचरा ओढून काढायचा असलं काम मिळालं. मोठ्या माणसाला तिथं शिरता यायचं नाही. कामाला तो चोख होता. पण जेवणाची सुट्टी झाली की कुणीतरी मागून यायचा, काखेत हात घालायचा आणि त्याला उचलून कापडाच्या गाठींच्या उतरंडीवर नेऊन ठेवायचा. खाली उतरायला जागा नाही. वरून भीमा शिव्या द्यायचा, पाय झाडायचा, लाल व्हायचा, आणि खाली माणसं पोट धरून हसायची. मोठ्या माणसाला राग आला की लोक वाट सोडतात. भीमाला राग आला की लोक जमायचे.

असाच एकदा तो बाजारातल्या चहाच्या दुकानासमोर कुणा टांगेवाल्याच्या हातात लटकत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. बाकड्यावर रावजी बसला होता. रावजी एका नाटक मंडळीचा मालक. मंडळी गड्ड्याच्या यात्रेला म्हणून आली होती. धंदा बरा झाला, म्हणून तळ्याच्या बाजूला मैदानात तंबू ठोकून राहिली होती. रावजीनं सगळा तमाशा नीट बघितला. टांगेवाला गेल्यावर त्यानं भीमाला बाकड्यावर बसवून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "भीमराव, हे तुम्ही रस्त्यावर फुकट करता. आमच्याकडं करा."

"मी करत न्हाय. माझ्यावर करत्यात," भीमा म्हणाला.

"तेच म्हणतो मी. शंभर माणसं तुम्हाला उचलतात. आमच्याकडं एकच उचलेल. तोही विचारून."

ही गोष्ट भीमाच्या मनाला लागली. विचारून उचलणारा त्याला जन्मात भेटला नव्हता.

त्या वेळी मोठं नाटक संपलं की शेवटाला एक फार्स व्हायचा. रडून दमलेल्या लोकांना हसवून घरी पाठवायचं, एवढंच त्याचं काम. रावजीच्या फार्समध्ये एक बुटका चोर एका श्रीमंताच्या घरी चाकर म्हणून राहतो आणि दिसेल ते अंगात लपवतो. शेवटी घरचा पहिलवान त्याला पकडतो, उलटा धरतो आणि गदागदा हलवतो. मग चोराच्या कपड्यांतून पळी पडते, कांदे पडतात, लाटणं पडतं, मालकिणीचा आरसा पडतो, आणि शेवटी मालकाची कवळी पडते. कवळी पडली की तंबू डोक्यावर.

पहिलवानाचं काम नबीसाब करायचा. तालमीतला गडी, दाराएवढा रुंद, पण बोलणं हळू आणि हात त्याहून हळू. पहिल्याच दिवशी त्यानं भीमाला समोर बसवून सांगितलं, "देख भीमा, लोगां को दिसतंय मी उचलतो. खरं म्हणजे तू उडी मारायची. तू नाय उडालास तर मी नाय उचलणार."

त्यानं भीमासाठी कातड्याचा रुंद पट्टा करवून घेतला. तो अंगरख्याच्या आत बांधायचा. नबीसाबचा एक हात पट्ट्यात, दुसरा घोट्यावर. सगळा भार पट्ट्यावर यायचा, पायावर नाही. हलवायचं कामही निम्मं भीमाचंच. तो स्वतःच अंग झटकायचा, पाय आपटायचा, डोळे फिरवायचा. डोकं जड व्हायला लागलं की नबीसाबच्या पोटरीवर थाप मारायची. थाप पडली की खेळ कुठंही असो, कवळी पडो न पडो, नबीसाब त्याला खाली ठेवायचा.

एवढं ठरलं आणि भीमाला पहिल्यांदा लोकांचं हसणं गोड लागलं. तो हवं तेव्हा त्यांना हसवायचा, हवं तेव्हा थांबवायचा. एक पाय झाडला की पिटातले हसायचे, दुसरा झाडला की खुर्च्यांवरचे. तीच शिवी, तोच राग, पण आता त्याची दोरी भीमाच्या हातात होती. त्यानं गिरणी सोडली. मथुराबाई रविवारच्या दुपारच्या खेळाला बायकांच्या बाजूला बसायची, आणि आता ती पण हसायची.

पण रस्त्यावरचा त्रास कमी व्हायचा तो उलट वाढला. फार्स गावभर झाला. आता भीमा दिसला की ज्याला त्याला वाटायचं, याला उलटा करावा, बघावं काय पडतंय. भाजीवाली त्याच्या अंगावर कांदा फेकून म्हणायची, "घे, लपीव!" एका लग्नघरी तर जेवणाच्या पंगतीतून उठवून त्याला हलवला. ओकारी आली तेव्हा सोडला. "अरे, तंबूत चालतं की तुला!" असं वर ऐकवलं. भीमा घरी येऊन भिंतीवर लोटा आपटायचा. मथुराबाई लोट्याचा पोचा ठोकून सरळ करायची.

"तितं नबीसाब हाय. हितं कोण हाय?" तो ओरडायचा.

"मी हाय की," ती म्हणायची. पण तिचीही गत बरी नव्हती.

तिच्या खात्याचा जॉबर संगप्पा. अंगानं धिप्पाड, मनगटात चांदीचं कडं. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला दारातून परत पाठवायचं, सगळं त्याच्या हातात. खात्यातल्या बायकांनी सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी जाऊन दळणं दळावीत, धुणं धुवावं, असा त्यानं रिवाज पाडला होता. मथुराबाई गेली नाही. "मी गिरणीची चाकर हाय, तुमच्या जात्याची न्हाय," असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. तेव्हापासून तो तिच्या वाटेवर होता. येता जाता म्हणायचा, "काय गं, नवरा घरी आला का अजून कुणाच्या काखेत हाय?"

त्या उन्हाळ्यात नबीसाबला अक्कलकोटाकडं जावं लागलं. त्याची बहीण माजिदा तिकडं दिलेली, तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. जाताना त्यानं रावजीला बजावलं, "मी येईपर्यंत फार्स नक्को." रावजीनं मान डोलावली आणि रविवारी संगप्पाला उभा केला. संगप्पानंच येऊन सांगितलं होतं, की मला पहिलवान करा, अख्खं खातं खेळाला आणतो. रावजीला रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. त्यानं भीमाला सांगितलं ते तोंडाला रंग लावून झाल्यावर.

"मी त्याच्या हातात जाणार न्हाय," भीमा म्हणाला.

"भीमराव, लोक बसलेत बाहेर. एका खेळाचा तर प्रश्न आहे. मी त्याला सगळं समजावलंय. पट्टा, थाप, सगळं."

संगप्पा विंगेत उभा होता. हसून म्हणाला, "भितोस काय बे? फुलासारखा धरतो."

भीमा रंगमंचावर गेला. आजवरच्या आयुष्यात त्यानं केलेली एवढी एकच चूक, असं तो पुढं म्हणायचा, आणि म्हणताना दात खायचा.

संगप्पानं पट्ट्याला हातही लावला नाही. एका हातानं त्याचा दंड पकडला, दुसऱ्यानं पाय, आणि ओलं धोतर पिळून झटकावं तसा झटकला. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. भीमाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तो ओरडला, "आई गं! सोड! खांदा गेला!"

तंबू हसला.

त्यानं दुसऱ्या हातानं संगप्पाच्या पोटरीवर थाप मारली. पुन्हा मारली. मारतच राहिला. संगप्पा वाकून त्याच्या कानाशी म्हणाला, "बायकोला सांग दळणाला यायला." आणि पुन्हा झटकला. कांदे पडले, पळी पडली, कवळी पडली. भीमा खरोखरच्या शिव्या देत होता, खरोखरचा रडत होता. लोकांनी एवढा बेमालूम अभिनय कधी बघितलाच नव्हता. संगप्पानं त्याला खाली टाकलं, तशी मागून हाक उठली, "वन्स मोअर!" मग सगळा तंबू, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

आणि संगप्पानं त्याला पुन्हा उचललं.

बायकांच्या बाजूनं मथुराबाई धावत आली. नवऱ्याचं खरं ओरडणं आणि खोटं ओरडणं यातला फरक तिला कळत होता. हातात भाकरीचा पितळी डबा होता. ती कठड्यावरून रंगमंचावर चढली आणि डबा तिनं संगप्पाच्या पाठीत, मानेत, जिथं पोचला तिथं हाणला. "सोड मुडद्या, सोड त्याला!" लोकांना वाटलं, फार्समध्ये नवीन पात्र आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. टोप्या उडाल्या. पडदा पडला तरी बाहेर हसणं थांबेना.

हाडवैद्यानं खांदा बसवला. बसवताना भीमा ओरडला नाही. त्यानं दात असे आवळले की वैद्यच म्हणाला, "ओरड बाबा, ओरडलं की बरं वाटतं." भीमा म्हणाला, "ओरडून बघितलं."

सोमवारी भोंगा झाला, मथुराबाई कामावर गेली, तर संगप्पानं तिला दारातूनच परत पाठवलं. जॉबरवर हात उचलणारी बाई गिरणीत नको. तिची मैत्रीण जगदेवी तिची बाजू घेऊन बोलायला गेली, तर तिलाही दम भरला. आता दोघंही घरी. भीमाचा हात गळ्यात, खोलीत उकाडा, आणि दारावरून जाणारा प्रत्येक जण डोकावून म्हणायचा, "काय धमाल केली बे रविवारी! आमी तर मुरकुंडी वळून पडलो." भीमा काही बोलला की तो माणूस पुन्हा हसायचा. शेवटी भीमानं बोलणंच सोडलं. भरउन्हात दार लावून बसायचा.

थोडे दिवस गेले आणि रावजी आला. हातात मिठाईचा पुडा. बसल्या बसल्या म्हणाला, "भीमराव, लोक वेडे झालेत. रोज विचारतात, तो फार्स कधी? हात बरा होतोय ना?"

रावजीनं मिठाईचा पुडा पुढं सरकवला.

"आणि वहिनींनी जी एंट्री घेतली त्या दिवशी! वा! मी म्हणतो, वहिनींनाही ठेवून घेऊ. काम काही अवघड नाही. डबा घेऊन यायचं, हाणायचं, शिव्या द्यायच्या. त्यांना काही शिकवावं लागणार नाही."

मथुराबाई चुलीपाशी होती. ती उठली, फळीवरचा तोच डबा हातात घेतला आणि रावजीसमोर उभी राहिली. "हितंच करून दावू का?"

रावजी मागं सरकला. भीमाकडं बघत म्हणाला, "बघा, बघा, काय जोर आहे!" त्याला अजूनही ते नाटकच वाटत होतं. भीमाच्या डोक्यात काहीतरी तडकलं. या माणसाला मारलं तरी हा म्हणेल, वा, काय मारलंत. त्याला दोन हातांनी धरून खिडकीबाहेर फेकावा, असं भीमाला वाटलं. पण फेकायला हात पोचत नव्हते, आणि एक हात तर गळ्यात होता.

"येतो," भीमा म्हणाला. "हात सुटला की येतो. पण पहिलवान संगप्पाच पायजे."

रावजी खुशीत गेला. मथुराबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. तो तिच्याकडं बघेना.

खेळाच्या आदल्या दिवशी नबीसाब परत आला. स्टेशनवरून तो थेट भवानी पेठेत आला. गावभर झालेलं त्याला वाटेतच कळलं होतं. दारातून वाकून आत आला, भीमाचा खांदा चाचपून बघितला आणि त्याचा चेहरा काळवंडला.

"कुटं राहतो तो? मेरेको घर दाखव."

"नगं."

"भीमा, मी नाय मारणार. फक्त उचलणार. जरा हालवणार."

"नगं म्हंतो ना!" भीमा ओरडला. "तू मारलास तर लोक काय म्हंतील? बुटक्यानं मोठा गडी आणला. त्यालाबी हसतील. माझं मी बघतो."

"काय बघतोस?"

भीमानं सांगितलं नाही. आदल्या रात्री जेवण झाल्यावर त्यानं गिरणीतला सूत कापायचा चाकू बाहेर काढला होता. पाट्यावर घासून त्याला धार लावली होती. अंगरख्याच्या आत, पट्ट्याखाली तो बसत होता. उलटं लटकलं की संगप्पाची मांडी तोंडासमोर येते, एवढं त्याला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी तंबू फुटायची वेळ आली. गिरणीची सुट्टी. पिटात माणसाला माणूस चिकटलेलं. मोठ्या नाटकाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या अंकात राजा मरत होता आणि मागून आवाज येत होते, "मर की लवकर! भीम्या आण!"

भीमा विंगेत उभा राहून ऐकत होता. बाजूला नबीसाब, हाताची घडी घालून. संगप्पा पलीकडच्या विंगेत कडं मागंपुढं करत होता.

फार्स सुरू झाला. भीमानं पळी उचलली, कांदे लपवले, आरसा लपवला. लोक नुसत्या त्याच्या चालण्याला हसत होते. पहिलवान आला. एरवी इथं चोर पळायचा, टेबलाखाली शिरायचा. भीमा पळाला नाही. संगप्पा जरा थबकला, मग त्यानं दोन्ही पायांना धरून त्याला उलटा उचलला.

जग उलटं झालं. भीमाचा हात पट्ट्याखाली गेला. तोंडासमोर मांडी. पण मांडीच्या पलीकडं त्याला तंबू दिसला, उलटा. उघडी तोंडं, तांबडे दात, पाण्यानं भरलेले डोळे. गिरणीतली ओळखीची माणसं. गाठींवर ठेवणारे. शेजारचा, जो दारातून डोकावून जायचा तो. भाजीवाली. सगळी हसत होती. भीमाला वाटलं, कुणाला मारू? एक मांडी फाडून काय होणार? आणि तेवढ्यात संगप्पानं झटका दिला. कांदे पडले, पळी पडली, आरसा पडला, आणि खणकन आवाज करत चाकू पडला.

कवळीला कधी आला नव्हता एवढा हशा चाकूला आला.

भीमानं तो हशा ऐकला आणि त्याच्या अंगातलं सगळं बळ एकदम गेलं, की त्यानंच ते सोडून दिलं, हे त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. त्यानं पाय झाडणं थांबवलं. ओरडणं थांबवलं. हात लोंबू दिले, मान लोंबू दिली, डोळे अर्धे मिटले. खाटकाच्या दुकानातल्या बकऱ्यासारखा तो लटकला.

संगप्पानं चाकू बघितला. चाकू खरा होता, हे तंबूत फक्त त्याला आणि नबीसाबला कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "मला मारणार व्हतास व्हय बे?" तो म्हणाला आणि हलवायला लागला. मन लावून, दात खाऊन. भीमाचं डोकं या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर आपटत होतं. भीमा हूं का चूं करत नव्हता.

पुढच्या ओळी हसल्या. मग थोड्या कमी हसल्या. हसायला काही उरलंच नव्हतं. झाडणारे पाय नव्हते, शिव्या नव्हत्या. समोर एक दांडगा माणूस एका लहानशा माणसाला आपटत होता, बस. मागून कुणीतरी सवयीनं "वन्स मोअर" म्हटलं आणि स्वतःच दचकून गप्प बसला. संगप्पाच्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. हातातलं कडं भीमाच्या घोट्याच्या हाडावर वाजत होतं.

बायकांच्या बाजूनं मथुराबाई गर्दी रेटत पुढं निघाली, आणि तिच्यामागं जगदेवी उभी राहिली. "अगं बाई, मेला की काय तो! सोड की रे!"

मग पिटातून एक आवाज, "ए जॉबर! खाली ठेव त्याला!" जॉबर म्हटल्याबरोबर सगळ्यांना दिसलं की हा पहिलवान नाही, हा संगप्पा आहे. दारातून परत पाठवणारा, बायकांकडून दळणं दळून घेणारा. एक कांदा आला आणि त्याच्या छातीवर बसला. मग चप्पल आली. मग माणसंच उठली. संगप्पानं भीमाला टाकलं आणि तो पडद्यामागं पळाला. तिथून तंबूच्या कनातीखालनं सरपटत बाहेर गेला, असं म्हणतात. आठवडाभर तो गिरणीत दिसला नाही, आणि दिसला तेव्हा कड्याचा हात फडक्यात होता.

इकडं लोक रंगमंचावर चढले. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. भीमानं डोळे उघडले तसा एकच जल्लोष झाला. "जिता हाय! भीम्या जिता हाय!" आणि चौघांनी मिळून त्याला उचलला आणि खांद्यावर घेतला.

"खाली ठेवा मला!" भीमा किंचाळला.

लोक हसले. प्रेमानं हसले, पण हसले.

"आरं, खाली ठेवा म्हंतो ना! कोण सांगितलं तुमाला उचलायला? त्या दिवशी कुटं गेलता? वन्स मोअर कोण म्हनलं? तूच म्हनलास की रे! आणि तू! खाली ठेवा, नायतर एकेकाचा डोळा काढीन!"

नबीसाब गर्दीतून पुढं आला. काही न बोलता त्यानं हात वर केले आणि भीमाकडं बघितलं. विचारत होता. भीमानं मान हलवली. तेव्हा त्यानं त्याला काखेत धरून सावकाश जमिनीवर उभा केला. भीमानं चाकू उचलला, आरसा उचलून विंगेतून आलेल्या रावजीच्या पायाशी ठेवला, आणि मथुराबाईबरोबर मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. लोकांनी वाट सोडली.

मंडळी पुढच्या महिन्यात बार्शीकडं गेली. रावजीनं दोनदा निरोप पाठवला, भीमानं उत्तर दिलं नाही. मथुराबाईला त्या गिरणीनं परत घेतलं नाही. ती दुसरीकडं लागली. भीमाचा खांदा थंडीत कायमचा दुखत राहिला. साच्याखाली शिरायचं काम पुन्हा जमलं नाही. लोक म्हणायचे, लई अद्दल घडवलीस बघ त्याला. तो म्हणायचा, "त्याला एकट्याला न्हाय." राग काही गेला नाही. जाईल तरी कसा?

पण फार्सचं वेड गेलं नव्हतं. दोन-तीन वर्षांनी पेठेतल्या कामगारांनी आपापले खेळ बसवायला घेतले, तेव्हा ते भीमाकडं आले. तो शिकवायला लागला. पडायचं कसं, पळायचं कसं, उडी कधी मारायची. नबीसाब मंडळीबरोबर गेला नव्हता, तो सोबतीला असायचा. भीमा मास्तरचा तापटपणा साऱ्या पेठेत माहीत. तालमीला उशीर केला की तो काठी फेकून मारायचा.

एकदा एका फार्समध्ये उचलण्याचं काम महिपती नावाच्या नव्या गड्याला दिलं होतं. तो अंगानं रेडा आणि ऐकायला बहिरा. उलट्या लटकलेल्या जोडीदारानं पोटरीवर थाप मारली तरी त्यानं आणखी दोन झटके दिले, कारण बघणारे हसत होते. भीमानं तालीम थांबवली. नबीसाबला आणि आणखी तिघांना बोलावलं.

"ह्याला उलटा धरा."

"मास्तर, मी काय केलं?" महिपती म्हणाला.

"धरा म्हंतो!"

चौघांनी महिपतीला उलटा केला आणि हलवला. तो हसायला लागला, मग ओरडायला लागला, मग नबीसाबच्या पोटरीवर दणादण थापा मारायला लागला. नबीसाबनं भीमाकडं बघितलं. भीमा स्टुलावर बसून विडी ओढत होता. दोन झुरके मारून झाल्यावर त्यानं हात केला. महिपतीला खाली ठेवलं. तो भिंतीला धरून बसला, तोंड पांढरंफटक.

"डोकं गरगरतंय, मास्तर."

"गरगरू दे. ऊठ. पाणी पी," भीमा म्हणाला, "आणि आता जोडीदाराला विचार, उचलू का म्हणून. मग उचल."